गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण : जोडप्याने आधी माहीत करून घ्यावे असे काही



या पत्रिकेत आमचा मजकूर म्हणजे बेणे बदल, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, पाचट कुजवणे, असाच असतो. या अंकात ती वाट सोडून वेगळ्या विषयावर लिहीत आहोत, त्यास कारण आहे.

गेल्या हंगामात गटातून फिरताना, कधी ऊस नोंदीच्या निमित्ताने तर कधी तोडणीच्या तक्रारीवरून, निदान पाच-सहा सभासदांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. "साहेब, तुम्ही त्या मोठ्या दवाखान्यात जाता म्हणे. आमच्या सुनेचा गर्भ गोठवून ठेवलाय म्हणतात. हे खरं असतं का? यात फसवणूक तर नाही ना?" विचारताना आवाज खाली आणि नजर इकडेतिकडे. उसाच्या वजनाची तक्रार माणूस गव्हाणीसमोर ओरडून करतो, पण ही गोष्ट बांधाच्या आडोशालाच बोलतो. तेव्हा एकदा सगळे सरळ लिहून काढावे असे ठरवले.

आम्ही डॉक्टर नाही. शेतकी पदविका घेतलेला कारखान्याचा नोकर आहोत. पण या वाटेने आम्ही नवराबायको स्वतः गेलो आहोत आणि अजून जात आहोत. जे डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे अंगावरून गेले तेवढेच येथे सांगतो. औषधाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. घरी सौ.ना हा लेख वाचून दाखवला. "लिहा, पण माझं नाव नको, आणि तुमची चूक लपवू नका," एवढीच त्यांची अट. ती पाळली आहे.

आधी पुरुषाची तपासणी

चुकीपासूनच सुरुवात करतो. लग्नानंतर मूल होईना म्हणून पाच वर्षे सौ.च्याच तपासण्या झाल्या. गोळ्या त्यांना, इंजेक्शने त्यांना, उपासतापास आणि नवसही त्यांनाच. एका दवाखान्यात तर दोन वर्षे उपचार चालले, पण आमची साधी वीर्यतपासणी करावी असे तेथे कोणी म्हणाले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पाहुण्यांत दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झाली होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आमची तपासणी सांगितली. दोन दिवसांत अहवाल आला. शुक्राणूंची संख्या फार कमी होती. दोष आमच्याकडे होता.

उगवण विरळ झाली की आपण शेतकरी लोक आधी जमिनीला नावे ठेवतो आणि बेणे तपासायचे विसरतो. आमचे तसेच झाले. अर्थात बाईमाणसाला जमिनीची उपमा देणे आम्हाला आता पटत नाही. जमीन मुकी असते. बाई बोलत असते, आपण ऐकत नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचे काही ना काही कारण असते, एकट्याने किंवा बाईच्या कारणासोबत. पुरुषाची तपासणी सोपी, स्वस्त आणि न दुखणारी आहे. तेव्हा वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिने, तर दोघांनी एकाच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

भ्रूण गोठवतात म्हणजे काय करतात

आपण ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो त्यात बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन अंडाशयात एकाऐवजी बरीच स्त्रीबीजे तयार करतात. भूल देऊन ती सुईने बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत पुरुषाच्या शुक्राणूशी त्यांचे मीलन घडवतात. शुक्राणू फार कमी असतील तर एकेक शुक्राणू अतिशय बारीक सुईने बीजात सोडतात. मीलन झाले की एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात. हे भ्रूण. पाचव्या दिवशी त्यात शंभराच्या आसपास पेशी असतात, तरी आकार रव्याच्या कणाहून लहानच.

सगळी बीजे भ्रूण होत नाहीत आणि सगळी भ्रूणे पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. आमच्या बाबतीत अकरा बीजे निघाली, सातांचे मीलन झाले आणि शेवटी तीन भ्रूणे हाती लागली. दर दोन दिवसांनी फोन यायचा आणि आकडा खाली उतरायचा. कोणी आधी सांगून ठेवले नव्हते, त्यामुळे त्या पाच दिवसांत आम्ही फार घाबरलो. हे असेच होत असते, हे आधीच ध्यानात ठेवावे.

आता ही भ्रूणे लगेच पोटात न सोडता गोठवतात, त्याची कारणे निरनिराळी. एका खेपेला पुरून उरलेली भ्रूणे पुढच्या खेपेसाठी ठेवायची असतात. कधी इंजेक्शनांनी अंडाशय फार सुजतात, पोटात पाणी धरते, आणि त्या अवस्थेत दिवस राहिले तर जिवावर बेतू शकते. तेव्हा शरीर निवेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. कधी गर्भाशयाचे अस्तर त्या महिन्यात नीट तयार झालेले नसते. तेव्हा "डॉक्टरांनी गर्भ ठेवून दिला, आता पुन्हा बोलावतात, म्हणजे पैसे काढायचा धंदा" असा तर्क एकदम करू नये. कारण विचारावे. ते सांगणे त्यांचे काम आहे.

गोठवणे कसे, हे आपल्या सभासदांना समजायला अवघड नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा माणूस गाडीवर एक टाकी घेऊन येतो, झाकण काढले की पांढरी वाफ निघते आणि त्यातून तो रेताची कांडी काढतो. ते द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सियस. भ्रूणही अशाच टाकीत, नाव व नंबर घातलेल्या बारीक कांडीवर ठेवतात. पूर्वी हळूहळू गोठवत. त्यात पेशीतल्या पाण्याचा बर्फ होऊन त्याचे स्फटिक पेशी फाडत आणि बरीच भ्रूणे वाया जात. अलीकडे विशिष्ट द्रावणात ठेवून पेशीतले बरेचसे पाणी काढून घेतात आणि क्षणात गोठवतात. त्यामुळे बर्फ न होता काचेसारखा घट्टपणा येतो. चांगल्या प्रयोगशाळेत अशी गोठवलेली शंभरातली नव्वदांहून अधिक भ्रूणे पुन्हा जिवंत निघतात. त्या थंडीत भ्रूणाची वाढ थांबते, तसेच त्याचे वयही वाढत नाही. बाईचे वय ३५ असताना गोठवलेले भ्रूण ती ३९ ची झाली तरी ३५ च्याच वयाचे राहते. म्हणून बीज कोणत्या वयात काढले याला अधिक महत्त्व.

हे काम आपल्याच देशात सुरू झाले होते

काही मंडळींना वाटते की हे सगळे परदेशी खूळ. तसे नाही. जगातले पहिले टेस्ट ट्यूब मूल इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. तिला 'दुर्गा' या नावाने लोक ओळखू लागले. विशेष असे की मुखोपाध्यायांनी भ्रूण गोठवून ठेवले होते आणि पुढच्या पाळीचक्रात ते आईच्या पोटात सोडले होते. साधने तुटपुंजी, प्रयोगशाळा लहान. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीने दावा खोटा ठरवला, परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही, संबंध नसलेल्या खात्यात बदली केली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने मूल जन्मले आणि भारतातले पहिले म्हणून त्याची नोंद झाली. पण याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असे १९९७ साली जाहीरपणे सांगितले. हाती आलेला मान असा परत करणारी माणसे थोडी. आज रोज कितीतरी दवाखान्यांत भ्रूणे गोठवतात. ज्याने हे आपल्याकडे आधी केले त्याला मात्र लोकांनी खोटे पाडले, हे ध्यानात असावे.

रोपणाची तयारी

गोठवलेले भ्रूण पोटात सोडायचे तर गर्भाशयाचे आतले अस्तर त्या भ्रूणाच्या वयाशी जुळले पाहिजे. वाफसा येण्याआधी पेरले तरी वाया आणि वाफसा गेल्यावर पेरले तरी वाया, तसाच हा प्रकार. याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली, बाईच्या नेहमीच्या पाळीवर चालण्याची. पाळी नियमित असेल तर बीज केव्हा सुटते हे सोनोग्राफी व रक्त तपासून पाहतात, कधी बीज सुटण्यासाठी एक इंजेक्शन देतात आणि त्यावरून दिवस धरतात. औषध कमी लागते, पण दवाखान्याच्या फेऱ्या अधिक होतात आणि दिवस आपल्या सोयीने ठरत नाही.

दुसरी, औषधाने अस्तर तयार करण्याची. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात. दहा ते चौदा दिवसांनी सोनोग्राफी करतात. अस्तर साधारण ७ मिलिमीटर किंवा त्याहून जाड आणि त्यावर तीन रेषा स्पष्ट दिसल्या तर पुढचे औषध, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, सुरू करतात. ते योनिमार्गात ठेवायच्या गोळीच्या, जेलच्या किंवा कमरेत घ्यायच्या तेलकट इंजेक्शनच्या रूपाने असते. पाच दिवसांचे भ्रूण असेल तर प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस भरल्यावर रोपण. अस्तर पातळ राहिले तर डॉक्टर तो महिना सोडून देतात. मन खट्टू होते, पण भ्रूण वाया घालवण्यापेक्षा महिना गेलेला बरा.

या दुसऱ्या पद्धतीत बाईच्या शरीरात त्या महिन्यात बीज सुटलेले नसते, म्हणून प्रोजेस्टेरॉनही शरीर स्वतः करत नाही. सगळा भार बाहेरच्या औषधावर असतो. तेव्हा एकही वेळ चुकवू नये. आम्ही पंपाच्या वेळापत्रकासारखा कागद स्वयंपाकघरात लावला होता आणि गोळी घेतली की खूण करत होतो. परगावी लग्नाला जायचे तर औषध आधी पिशवीत.

याच दिवसांत फॉलिक अॅसिडची गोळी सुरू असावी, थायरॉईड आणि साखर तपासलेली असावी. तंबाखू दोघांनीही सोडावी. मिशरी हीसुद्धा तंबाखूच आहे. ती दात घासायची वस्तू आहे असे समजून बायका डॉक्टरांना सांगत नाहीत, ते सांगितले पाहिजे.

रोपणाचा दिवस

सकाळी प्रयोगशाळेत भ्रूण टाकीतून काढून उबेवर आणतात. फार थोड्या वेळा ते जिवंत निघत नाही. तसे झाले तर त्याच सकाळी कळवतात आणि दुसरे असल्यास ते काढतात. म्हणून त्या सकाळचा फोन येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

जाताना पाणी पिऊन यायला सांगतात. लघवीची पिशवी भरलेली असली की पोटावरच्या सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसते. पण खराब रस्ता आणि तास-दीड तासाची गाडी, तेव्हा घरूनच तांब्याभर पाणी पिऊन निघू नये. पोहोचल्यावर प्यावे. आमच्या सौ.ची पहिल्या खेपेस फार आबाळ झाली.

रोपणाला बहुधा भूल लागत नाही. टाके नाहीत, कापणे नाही. टेबलावर झोपवून, आतली तपासणी करतात तसे साधन लावून, गर्भाशयाच्या तोंडातून मऊ बारीक नळी आत घालतात आणि थेंबभर द्रावणातले भ्रूण सोडतात. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकतो. तो भ्रूण नसून सोबतचा हवेचा बुडबुडा असतो, पण तेथेच भ्रूण असते. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे. भ्रूण सोडण्याआधी नाव आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवतात. न वाचल्यास आपण विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. काट्यावर गाडी चढली की आपण पावती पाहतोच ना.

पहिल्या खेपेस आम्ही गेलो नाही. ऐन हंगाम, दोन टोळ्या रात्रीतून निघून गेलेल्या, गव्हाणीला ऊस कमी पडत होता. सौ.ना त्यांच्या भावाबरोबर पाठवले. मनात म्हटले, दहा मिनिटांचे तर काम. ती आमची दुसरी चूक. हंगाम दर वर्षी येतो. त्या टेबलावर बाई एकटी पडलेली असते आणि तिच्या उशाशी कोण आहे हे ती जन्मभर विसरत नाही.

नंतरचे दिवस

गावात सर्वांत अधिक गैरसमज येथे आहेत. गाडीच्या धक्क्याने, खोकल्याने, जिना चढल्याने भ्रूण खाली पडते असे सांगतात. पडत नाही. गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यात रव्याच्या कणाएवढा जीव असतो. दोन पोळ्यांच्या मध्ये अडकलेला तीळ ताट हलवल्याने बाहेर येत नाही. पंधरा दिवस खाटेवर झोपून राहिल्याने दिवस राहण्याचे प्रमाण वाढत नाही, हे तपासून पाहिलेले आहे. उलट नुसते पडून राहिल्याने पाय आखडतात आणि मन खाते. चालावे, बसावे, हलके काम करावे. उसाची मोळी उचलणे, पाण्याच्या घागरी वाहणे तेवढे टाळावे. मीलनाबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे. अमुक खाल्ले म्हणजे गर्भ चिकटतो असे काही नाही. घरचे साधे, ताजे जेवण पुरे.

प्रोजेस्टेरॉनमुळे छाती दुखते, पोट फुगते, बद्धकोष्ठ होते, झोप येते. ही सगळी दिवस राहिल्याची लक्षणेही आहेत, म्हणून त्यावरून हो किंवा नाही असा अंदाज बांधू नये. थोडे डाग दिसले म्हणजे सगळे संपले असेही नाही. रुजतानाही डाग दिसू शकतो. डाग दिसला की घाबरून औषध बंद करणे ही मोठी चूक. डॉक्टरांना फोन करावा, औषध चालू ठेवावे.

घरी लघवीची तपासणी रोज करून पाहण्याचा मोह होतो. फार लवकर केली तर खोटा नकार येतो. बीज सुटण्याचे इंजेक्शन घेतलेले असेल तर त्यातल्याच औषधामुळे खोटा होकारही येतो. रोपणानंतर ९ ते १४ दिवसांच्या दरम्यान, दवाखान्याने दिलेल्या तारखेस, रक्ताची तपासणी करतात. तोच निकाल धरावा.

निकाल आल्यावर

होकार आला तर दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासतात. आकडा साधारण दुपटीच्या वाटेवर असावा. मग सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, त्यात गर्भाचे ठोके दिसतात. आठवडे रोपणाच्या दिवसापासून मोजत नाहीत. पाच दिवसांचे भ्रूण सोडले त्या दिवशीच दोन आठवडे पाच दिवस झाले असे धरतात. औषधी पद्धतीत प्रोजेस्टेरॉन दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत चालते. होकार आला म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये.

नकार आला तर औषध थांबवल्यावर काही दिवसांत पाळी येते. ती नेहमीपेक्षा जड असू शकते. त्या दिवशी घरात कोणी "असू दे, पुढच्या वेळी होईल" असे घाईने म्हणू नये. काही काळ गप्प बसावे. मग महिन्याभराने दोघांनी डॉक्टरांसमोर बसून काय केले आणि पुढे काय बदलता येईल हे विचारावे.

आमच्या पहिल्या खेपेस नकार आला. दुसऱ्या खेपेस होकार आला, आकडा वाढला, आईने देवापुढे साखर ठेवली. आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाल्या की अशा बहुतेक वेळी गर्भाच्या घडणीतच दोष असतो, कोणाच्या उठण्याबसण्याने हे होत नाही. परतताना सौ. एकच बोलल्या, "मी काही उचललं नव्हतं हो." चौदा वर्षांच्या संसारात एवढे वाईट वाक्य आम्ही ऐकले नाही. बाईच्या मनात हा अपराध कोण भरतो? आपणच भरतो, जरा हे केलंस का नि ते केलंस का म्हणून विचारून.

यश किती

खरे सांगायचे तर चांगल्या ठिकाणी आणि पस्तिशीच्या आत काढलेल्या बीजाच्या बाबतीतही एका खेपेमागे मूल घरी येण्याचे प्रमाण शंभरात तीस-चाळीसच्या आसपास असते. चाळिशीनंतर आपल्याच बीजाने ते बरेच खाली येते. म्हणजे पहिल्या खेपेस नकार येणे यात काही विपरीत नाही. "शंभर टक्के खात्री" अशी पाटी जेथे दिसेल तेथून निघून यावे. उसाच्या डोळ्याचीही शंभर टक्के उगवण कोणी देऊ शकत नाही.

एकदम दोन-तीन भ्रूणे सोडा, असा आग्रह घरचे धरतात. जुळे म्हणजे एका खर्चात दोन, असा हिशेब. पण जुळ्यात मुले अपुऱ्या दिवसांची होण्याचा आणि आईला रक्तदाबाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. भ्रूण चांगले असेल तर एकेकच सोडणे सुरक्षित.

केव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा

१. पोटात एका बाजूस जोराचे दुखणे, खांदा दुखणे, घेरी येणे. गर्भ नळीत राहिल्याची ही खूण असू शकते. गर्भाशयात भ्रूण सोडले तरी क्वचित असे होते.

२. पॅड भिजून जाईल असा रक्तस्राव.

३. एक पाय सुजणे, पोटरी दुखणे, दम लागणे. इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गाठ होण्याची शक्यता थोडी वाढते.

४. पुढे दिवस भरत असताना डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज. औषधी पद्धतीच्या रोपणानंतर रक्तदाब वाढण्याचे प्रमाण काहीसे अधिक असते, म्हणून दर खेपेस रक्तदाब मोजून घ्यावा.

कायदा आणि पैसा

या उपचारांसाठी २०२१ सालचा केंद्राचा कायदा आहे. दवाखान्याची त्याखाली नोंदणी हवी. नोंदणीपत्र पाहायला मागावे. बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत उपचार करता येतात. दोघांची लेखी संमती लागते आणि भ्रूण पोटात सोडेपर्यंत ती मागे घेता येते. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येते. भ्रूणाची विक्री गुन्हा आहे. मुलगा की मुलगी हे पाहून निवडणे हाही गुन्हा आहे, आणि १९९४ चा लिंगनिदानाचा कायदा याशिवाय आहेच. "तेवढं बघून घ्या की," असे डॉक्टरांना सुचवणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. त्यांनी ते मनातून काढावे.

उचल घेण्याआधी किंवा दागिना मोडण्याआधी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत : एका रोपणाचा एकूण खर्च किती, त्यात औषधे व सोनोग्राफी धरली आहे काय, भ्रूण ठेवण्याचे वर्षाचे भाडे किती, ते भरायचे राहिले तर काय होते, आमची भ्रूणे किती आणि कोणत्या दिवसाची आहेत. किती खेपा झेपतील हे पतिपत्नींनी आधीच बसून ठरवावे. आम्ही तीन ठरवल्या. जमीन विकून या मागे लागू नये, असे आमचे प्रामाणिक मत आहे. दत्तक घेण्याची कायदेशीर वाट खुली असते, आणि मूल नसलेला संसारही संसारच असतो.

शेवटी

आमचे तिसरे आणि शेवटचे भ्रूण अजून त्या टाकीत आहे. हंगाम संपला, पट्टा पडला, की रोपणाची तारीख घेणार आहोत. या वेळी रजेचा अर्ज आधीच दिला आहे आणि शेतकी खात्यातील सहकाऱ्यांनी आमचा गट सांभाळण्याचे कबूल केले आहे. काय होईल ते आम्हाला माहीत नाही. यश मिळाल्यावर लिहिले असते तर लेख गोड झाला असता, पण ज्यांना आज उत्तर हवे आहे त्यांनी आमच्या निकालाची वाट का पाहावी, म्हणून आत्ताच लिहिले.

सभासद बंधूंना एकच विनंती. दवाखान्यात बरोबर जा, तपासणी आधी आपली करा, आणि घरातल्या बाईला प्रश्न कमी विचारा. भगिनींनी कोणाकडे बोलता येत नसेल तर गट ऑफिसला निरोप ठेवावा. आमच्या सौ. बोलायला तयार आहेत. गोष्ट बाहेर जाणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी